काल घडाघडा आलेलं बायबलचं वचन आज का आठवत नाही? घरी क्रमाने काय तपासायचं

संडे स्कूलमध्ये, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, शिकवणाऱ्या माणसाकडे आईवडील एक तक्रार हमखास घेऊन येतात. "आठवडाभर रोज म्हणून घेतलं, शनिवारी रात्री घडाघडा म्हणाला, आणि रविवारी उभं केलं तर तोंडातून शब्द नाही." पुढे निदानही तेच करून टाकतात: मुलाची स्मरणशक्ती कच्ची आहे, नाहीतर त्याचं लक्षच नसतं. हा बिघाड मी वर्गात आणि घरातही पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आले आहे, आणि स्मरणशक्तीत दोष फार क्वचित निघतो. दोष असतो पाठांतर घेण्याच्या रीतीत, आणि त्यातही बहुधा खाली दिलेल्या तिसऱ्या तपासणीत. तरी पहिल्या दोन आधी करा. त्यांना पाच-दहा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही, आणि तिथेच चूक असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आधी लक्षणं

"पाठ होत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही. दोन-तीन दिवस न रागावता, न सुधारता नुसतं ऐका आणि नेमकं काय होतंय ते लिहून ठेवा. साधारण असे प्रकार दिसतात:

- पहिला शब्द दिला की सगळं वचन येतं, न दिला तर काहीच येत नाही. (तपासणी ३)
- रात्री येतं, दुसऱ्या दिवशी जातं. (३ आणि ४)
- सुरुवात आणि शेवट पक्का, मधलं गळतं. (२)
- रोज त्याच एका शब्दावर अडतं किंवा तोच शब्द वेगळा येतो. (१, तरीही राहिलं तर कान तपासा)
- घरी येतं, चर्चमध्ये येत नाही. (५)
- वचन येतं, पण ते कुठलं हे सांगता येत नाही. दोन वचनं एकमेकांत मिसळतात. (६)
- ताई किंवा दादाबरोबर म्हणतं, एकटं म्हणत नाही. (७)
- शब्द बिनचूक, पण आपण काय म्हणालो ते मुलाला माहीत नाही. (८)
- पाठांतराची वेळ आली की पोट दुखतं, रडू येतं, किंवा मोठं मूल खोलीतून निघून जातं. (९)

एकाच घरात तीन मुलांची तीन लक्षणं असू शकतात. तिघांना एकच औषध दिलं तर एकाला लागू पडतं आणि दोघांचा वेळ जातो.

१. सगळ्यांसमोर मजकूर एकच आहे का?

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं. घरात बायबल सोसायटीची जुनी प्रत असते, मोबाइलवरच्या ॲपमध्ये सोप्या भाषेतली आवृत्ती उघडलेली असते, संडे स्कूलच्या कागदावर तिसरंच काही छापलेलं असतं आणि आजीला चौथं पाठ असतं. मूल आजीकडून "सार्वकालिक जीवन" ऐकतं, ॲपमध्ये "अनंतकाळचे जीवन" वाचतं आणि नेमकं त्याच शब्दावर अडखळतं. त्याला दोन्ही आठवत असतात, म्हणून ते थांबतं. आपण त्याला विसरणं म्हणतो.

उपाय: एक आवृत्ती ठरवा, शक्यतो चर्चमध्ये वाचली जाते ती. वचन त्या आवृत्तीतून मोठ्या अक्षरात कागदावर उतरवा आणि घरातल्या सगळ्यांनी त्या कागदावरूनच म्हणून घ्या, आजीनेसुद्धा. स्वल्पविरामांसकट उतरवा, कारण मूल थांबे ऐकून वचन धरतं. काही जुन्या कॅथोलिक आवृत्त्यांत स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे असतात, त्यामुळे एका घरात २३ वं असलेलं स्तोत्र दुसरीकडे २२ वं निघतं. वेगवेगळ्या परंपरांतले नातेवाईक असतील तर क्रमांकही एकदा ताडून पाहा.

मूल शाळेत दुसऱ्या भाषेत शिकत असेल आणि मराठी चाचपडत वाचत असेल तर त्याच्या हातात बायबल देऊन "पाठ कर" म्हणू नका. त्याची सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते. त्याला ऐकवा. तुमच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं चालतं.

२. तुकडा केवढा आहे?

पाच वर्षांचं मूल एकदा ऐकलेले चार-एक आकडे क्रमाने परत सांगू शकतं, मोठ्या माणसाला साताच्या आसपास जमतात. म्हणजे जो तुकडा तुम्हाला एका दमात धरता येतो तो लहानग्याच्या हातून अर्ध्यावरच सुटतो. योहान ३:१६ चे (योहान या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन) सरळ चार तुकडे पडतात:

देवाने जगावर एवढी प्रीती केली की, / त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला, / अशासाठी की, जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याचा नाश होऊ नये, / तर त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त व्हावे.

मधलं गळण्याचं कारणही इथेच आहे. कुठल्याही यादीची सुरुवात आणि शेवट मनात चटकन बसतात, मधला भाग निसटतो. शिवाय आपण दर वेळी पहिल्यापासून सुरू करतो आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे पहिल्या तुकड्याचा सराव वीस वेळा होतो आणि तिसऱ्याचा तीनदा. यावर उलटीकडून शिकवणं लागू पडतं: आज फक्त शेवटचा तुकडा, उद्या तिसरा आणि शेवटचा, परवा दुसऱ्यापासून. मूल नेहमी अनोळखी भागातून ओळखीच्या भागात जातं, त्यामुळे पुढे काय याची धास्ती राहत नाही.

वचनांचे आकडे मूळ लिखाणात नव्हते. नव्या करारातले (बायबलच्या दुसऱ्या भागातले) आजचे आकडे रोबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकाने १५५१ साली घातले. म्हणून काही वचनं वाक्याच्या मधूनच सुरू होतात. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकच लांबलचक वाक्य आहे. असा भाग आकडा पाहून कापला तर मुलाच्या हाती लोंबकळणारा अर्धवट विचार येतो आणि तो टिकत नाही. पूर्ण विचार असलेलं वचन निवडा.

तीन-चार वर्षांच्या मुलांना "निरंतर प्रार्थना करा" (१ थेस्सलनीकाकरांस ५:१७) किंवा "सर्वदा आनंदित असा" (त्याच्या आधीचंच) पुरतं. "येशू रडला" (योहान ११:३५) आठ वर्षांची मुलं आळस म्हणून निवडतात. निवडू द्या. पण मग तो का रडला हे त्यांना सांगायला लावा. येशूचा मेलेला मित्र लाजर याची सगळी गोष्ट आपोआप येते.

३. आठवण्याचं काम कोण करतंय?

इथे थांबून नीट पाहा. बहुतेक घरांतलं पाठांतर असं चालतं: आई म्हणते, मूल मागून म्हणतं, दहा वेळा होतं, मग आई "देवाने..." म्हणते आणि मूल पुढचं धावत पूर्ण करतं. सगळ्यांना वाटतं पाठ झालं. खरं तर मुलाने पूर्ण वेळ ऐकलेलं परत म्हटलं. डोक्यातून शोधून काढायची वेळ त्याच्यावर एकदाही आली नाही. रविवारी "देवाने" म्हणणारं समोर कोणी नसतं, आणि तिथेच सगळं अडतं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे तंतोतंत बसतो. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. शनिवारी रात्रीची शाबासकी ही पाच मिनिटांनंतरची चाचणी असते. ती खोटी नसते, पण रविवारबद्दल ती काहीच सांगत नाही.

त्यामुळे म्हणून घेणं कमी करा आणि शोधायला लावणं वाढवा. तीन-चार वेळा ऐकवून झालं की गप्प बसा. खरोखर गप्प. मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे आईवडिलांना फार जड जातात; तिसऱ्यालाच पहिला शब्द आपल्या तोंडून निसटतो. मूल छताकडे बघतंय, ओठ हलवतंय, म्हणजे काम चालू आहे. त्या क्षणी शब्द पुरवला तर ते काम मोडतं.

दहानंतरही आलं नाही तर मदत पायरीपायरीने द्या. आधी फक्त संदर्भ सांगा: "योहान तीन सोळा." मग हाताची खूण. मग पहिलं अक्षर. पूर्ण शब्द सर्वांत शेवटी. आणि ज्या पायरीवर मुलाला आठवलं ती लक्षात ठेवा. उद्या तिच्या एक पायरी आधी थांबायचं. चार दिवसांत खूणसुद्धा लागेनाशी होते.

वयाप्रमाणे शोधण्याची रीत बदलते. शाळेत न जाणाऱ्या मुलाला वचनातला एक शब्द गाळून म्हणा आणि तो त्याला भरू द्या: "निरंतर ... करा." नंतर मुद्दाम चुकीचा शब्द घाला, तो पकडण्यात त्यांना जो आनंद होतो त्याची सर कुठल्याच बक्षिसाला नाही. सहा ते दहाच्या मुलांसाठी वचन फळ्यावर लिहा, पूर्ण म्हणा, दोन शब्द पुसा, पुन्हा म्हणा, आणखी दोन पुसा, फळा कोरा होईपर्यंत. पुसायचे शब्द मुलांनाच निवडू द्या. दहाच्या पुढच्यांना फक्त पहिली अक्षरं लिहायला सांगा, "दे ज ए प्री के की", आणि त्यावरून म्हणू द्या. दोन दिवसांनी तोही कागद काढून घ्या. अक्षरांचा आधार घेणं ही लबाडी आहे असं काही पालकांना वाटतं. ११९ वं स्तोत्र हिब्रूत वर्णमालेच्या २२ अक्षरांवर रचलेलं आहे. प्रत्येक अक्षराची आठ वचनं, अशी १७६, आणि त्या आठांतलं प्रत्येक वचन त्याच अक्षराने सुरू होतं. अक्षराच्या खुंटीवर वचन टांगणं स्तोत्रकर्त्याला चाललं, तर आपल्यालाही चालावं.

एवढ्या एका बदलाने निम्म्याहून अधिक तक्रारी मिटताना मी पाहिल्या आहेत. हा बदल करून दोन आठवडे थांबा, मगच पुढे जा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

४. जुन्या वचनांना पाळी मिळते का?

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सर्वांत वेगाने जातं ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. नंतर गळती मंदावते. मधूनमधून उजळणी झाली की गळती आणखी कमी होते. घरात मात्र रविवार संपला की वचन संपतं आणि सोमवारी नवीन सुरू होतं. वर्षभरात पन्नास वचनं "झालेली" असतात आणि येतात तीन.

एक डबा आणि कोरी कार्डं घ्या. एका बाजूला संदर्भ, दुसऱ्या बाजूला वचन. डब्यात तीन कप्पे करा: रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं. नवं वचन रोजच्या कप्प्यात. सलग आठवडाभर आधाराशिवाय आलं की आठवड्याच्या कप्प्यात, तिथे चार-पाच वेळा टिकलं की महिन्याच्या. कुठेही अडलं तर एक कप्पा मागे, त्यावर चर्चा नाही. रोजच्या कप्प्यात दोनपेक्षा जास्त कार्डं साचली तर नवीन वचन घ्यायचं नाही, मग संडे स्कूलची यादी काहीही म्हणो. मी स्वतः यादी देणाऱ्यांपैकी आहे, तरी हे सांगते. वर्षाला बारा वचनं पक्की झालेलं मूल पन्नास वचनांवर शिक्के मारून घेतलेल्या मुलापेक्षा मला जास्त श्रीमंत वाटतं.

वेळ किती? लहानग्यांना दोन-तीन मिनिटं, शाळकरी मुलांना पाच, मोठ्यांना दहा. एकदाच अर्धा तास बसवण्यापेक्षा दिवसातून दोनदा थोडं थोडं जास्त टिकतं. वेळ शोधताना बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं ६:७ वाचा: घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता. चार ठिकाणं तिथेच दिली आहेत, आणि त्यातली "निजता" मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण झोपेत त्या दिवसाचं शिकलेलं मनात मुरतं. फक्त झोपताना परीक्षा घेऊ नका. एकदा शांतपणे म्हणा, दिवा घालवा.

५. एकाच जागी, एकाच माणसासमोर?

शिकलेल्या गोष्टीला जागेचाही वास लागतो. १९७५ साली गॉडन आणि बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला लावले. जिथे पाठ केले तिथेच ते जास्त आठवले. तुमचं मूल पलंगावर लोळत, तुमच्याकडे बघत पाठ करतं आणि चर्चमध्ये उभं राहून, हातात माइक घेऊन म्हणायचा प्रयत्न करतं. जागा बदलत राहा: जिना, दार, गाडी, अंगण. उभं राहून म्हणू द्या. एकदा आजोबांना फोनवर म्हणून दाखवू द्या. चर्च रिकामं असताना एकदा पुढे नेऊन उभं करता आलं तर फारच उत्तम. भिडस्त मुलाला पहिल्या वेळी एकटं उभं करू नका.

६. संदर्भ विसरणं आणि सरमिसळ

संदर्भ वचनाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा म्हणायचा. तो शेपटासारखा शेवटीच जोडला तर मूल वचन संपल्याच्या आनंदात तो सोडून देतं. "योहान" आणि "योहानाचे पहिले पत्र" यांत सगळेच गोंधळतात. कार्डाच्या कोपऱ्यात शुभवर्तमानाला पुस्तकाचं आणि पत्राला पाकिटाचं चित्र काढा.

सरमिसळ होते ती दिसायला सारखी वचनं पाठोपाठ शिकवल्याने. "सर्वदा आनंदित असा" हे थेस्सलनीकाकरांस पत्रातलं, आणि प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा असं सांगणारं फिलिप्पैकरांस ४:४. दोन्ही एका महिन्यात दिली की दोन्ही बिघडणार. मध्ये काही आठवड्यांचं अंतर ठेवा आणि प्रत्येकाला वेगळं चित्र जोडा. फिलिप्पैचं पत्र येशूचा प्रेषित पौल याने बंधनात असताना लिहिलं. साखळ्या घातलेला माणूस "आनंद करा" लिहितोय हे चित्र मूल विसरत नाही.

आत्म्याच्या फळाची नऊ नावं (गलतीकरांस ५:२२-२३) हा वेगळाच त्रास. तीन-तीनचे गट करा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. बोटांच्या पेरांवर मोजू द्या.

७. भावंडं एकमेकांना झाकतात का?

सगळ्यांनी मिळून म्हणण्यात मजा आहे, तपासणी नाही. कोरसमध्ये लहान मूल मोठ्याच्या अर्धा शब्द मागे चालतं आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. म्हणून एकेकट्याने म्हणताना आधी सर्वांत लहानाने म्हणायचं, मोठ्याने शेवटी. उलट क्रम ठेवला तर लहान मूल नुसता प्रतिध्वनी देतं. मधल्याला वाट पाहवत नाही आणि तो उत्तर सांगून टाकतो. त्याच्याकडे कागद द्या आणि चुका मोजणाऱ्याचं काम द्या.

वचन सगळ्यांना एकच, माप वेगळं. चार वर्षांच्याला योहान ३:१६ चा पहिला तुकडा. आठ वर्षांच्याला पूर्ण वचन. तेरा वर्षांच्याला १४ पासून १७ पर्यंत, आणि १४ व्या वचनातल्या सापाची गोष्ट 'गणना' या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायातून शोधून धाकट्यांना सांगण्याची जबाबदारी. सांगावं लागणार म्हटलं की मोठी मुलं स्वतःहून नीट वाचतात.

मिश्र वयाच्या घरासाठी माझं आवडतं स्तोत्र १३६ वं आहे. त्यात २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाचा शेवट एकच, देवाची दया सनातन असल्याचा. मोठी मुलं पहिला अर्धा भाग पाठ करतात, धाकटी ध्रुवपद म्हणतात. तीन वर्षांचं मूल पहिल्याच दिवसापासून पूर्ण स्तोत्रात सामील असतं.

"ताईला बघ कसं येतं" हे वाक्य मात्र घरातून हद्दपार करा. त्याने धाकट्याचं वचनही जातं आणि ताईही.

८. अर्थ पोचला आहे का?

ही तपासणी इतक्या खाली ठेवल्याचं काहींना रुचणार नाही. पण अर्थ समजूनही वचन न येणारी मुलं मी वर्गात भरपूर पाहिली, आणि अर्थ न समजता बिनचूक म्हणणारीही. आठवणं आणि समजणं ही दोन कामं आहेत. समजलेलं अधिक काळ टिकतं, एवढं नक्की.

लहान मुलांना "याचा अर्थ काय" विचारू नका, ती बावरतात. चित्र काढायला सांगा किंवा अभिनय करायला. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" याला एकाने मेंढपाळ व्हायचं, बाकीच्यांनी मेंढरं, मेंढपाळ काय काय करतो ते खेळताना बाहेर येतं. "उणे" कळलं नाही तर तेवढा एक शब्द समजावा, प्रवचन नको.

दहाच्या पुढे वचनाच्या आजूबाजूचं वाचल्याशिवाय कार्ड लिहायचंच नाही असा नियम ठेवा. फिलिप्पैकरांस ४:१३ मुलं परीक्षेच्या आणि सामन्याच्या आधी म्हणतात, "मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे." त्याच्या आधीची दोन वचनं वाचली की कळतं, पौल भुकेत आणि भरल्या पोटी सारखंच राहायला शिकल्याबद्दल बोलतोय. नापास झालेल्या दिवशी उपयोगी पडेल असं ते वचन आहे. किशोरवयीन मुलांना आणखी एक जागा दाखवा. मत्तय ४ मध्ये सैतानही शास्त्रच म्हणतो, स्तोत्र ९१ मधलं, आणि "तुझ्या सर्व मार्गांत" हा भाग गाळून म्हणतो. येशू तिन्ही वेळा अनुवादातल्या वचनांनी उत्तर देतो. नुसतं पाठ असणं पुरेसं का नाही, हे त्यांना आपल्या समजावण्यापेक्षा या प्रसंगातून लवकर पटतं.

९. पाठांतराला भीती चिकटली आहे का?

ही तपासणी सर्वांत अवघड, कारण इथे बदलायचं असतं आपल्याला. वचन शिक्षा म्हणून लिहायला लावलं जातं का? चुकलं की चेहरा पडतो का? खोटं बोलल्यावर मुलाला खोट्याविषयीचंच वचन पाठ करायला दिलं जातं का? पाहुण्यांसमोर न विचारता म्हणायला लावतो का? यांपैकी काही होत असेल तर आधीच्या आठ तपासण्या कितीही नीट केल्या तरी फळ येणार नाही. घाबरलेल्या मुलाला पाठ असलेलंही आठवत नाही. "मुलांना चिरडीस आणू नका" हे इफिसकरांस ६:४ मधलं वचन बापांना उद्देशून आहे. ते कार्ड आपल्या डब्यात ठेवावं.

उपाय एकच: महिनाभर पाठांतर पूर्ण बंद. जेवणानंतर एक शास्त्रभाग मोठ्याने वाचायचा, कोणाला काही विचारायचं नाही. नंतर सुरुवात तुम्ही स्वतः एक वचन पाठ करून करा आणि चुका पकडायला मुलांना सांगा.

बक्षिसांबद्दल माझं मत: सुरुवातीला छोटं काहीतरी चालेल, पण ते बसून प्रयत्न केल्याबद्दल द्या. वचनांच्या संख्येवर दिलं की मुलं लहान वचनं शोधू लागतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

इथे थांबा, तज्ज्ञाकडे जा

वरचं सगळं धीराने करूनही दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर पाठांतर थांबवा. खाली दिलेलं काही दिसत असेल तर तेवढी वाटही पाहू नका. ही कामं पालकांची नाहीत आणि संडे स्कूलच्या शिक्षकांचीही नाहीत.

मूल पाठीमागून म्हटलेले शब्द चुकीचे ऐकतं आणि ओठ दिसले की बरोबर म्हणतं, वारंवार "काय?" विचारतं, सर्दीनंतर जास्तच चुकतं. अशा वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्या. लहान मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकू येणं कमी-जास्त होणं सर्रास आढळतं. पुस्तक नाकाशी धरत असेल तर डोळे तपासा.

ऐकून छान पाठ होतं, पण आठ-नऊ वर्षांचं होऊनही अक्षरं उलटसुलट होतात, शब्द अंदाजाने वाचले जातात: डिस्लेक्सियाची तपासणी लागेल, ती शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ करतात. तोवर सगळं पाठांतर कानाने चालू ठेवायला हरकत नाही. बोलताना अडखळत असेल, शब्द ताणला जात असेल तर स्पीच थेरपिस्टकडे जा आणि तोवर चारचौघांत म्हणायला लावू नका.

वचन म्हणता म्हणता मूल काही सेकंद एकटक बघत थांबतं, हाक ऐकू येत नाही, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे बोलतं, आणि असं पुन्हा पुन्हा होतं: बालरोगतज्ज्ञाला लगेच सांगा. तो दुर्लक्षपणा नसून फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो. आधी येत असलेलं बोलणं किंवा कौशल्य मूल गमावू लागलं असेल तर अजिबात थांबू नका.

एक लक्षण चर्चच्या माणसांना चांगलं वाटतं, म्हणून मुद्दाम लिहिते. मूल तेच वचन पुन्हा पुन्हा म्हणतं, एक अक्षर चुकलं तर देव शिक्षा करील किंवा आईला काहीतरी होईल म्हणून पहिल्यापासून सुरू करतं, झोपत नाही. याला भक्ती समजून कौतुक करू नका. बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, यावर चांगले उपचार आहेत.

किशोरवयीन मुलाने "माझा यावर विश्वास उरला नाही" म्हणून वचन म्हणायला नकार दिला तर प्रश्न पाठांतराचा नाही. कार्डांचा डबा बाजूला ठेवा आणि ऐकून घ्या. ऐकून घेणारा पाळक किंवा चर्चमधलं एखादं विश्वासू मोठं माणूस मुलालाच निवडू द्या. त्याच्या बोलण्यात जगण्याचा कंटाळा किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्याला एकटं सोडू नका आणि पाळकांना नंतर सांगा.

तज्ज्ञाकडे जाताना सुरुवातीला लिहिलेली निरीक्षणं सोबत न्या: कुठल्या शब्दावर अडतं, कुठल्या वेळी, कोणासमोर, ऐकून की वाचून, आणि कधीपासून. "लक्षात राहत नाही" एवढंच सांगितलं तर त्यांनाही पहिल्यापासून शोधावं लागतं.